‘कुठून बोलताय?’ हा प्रश्न संकटाच्या फोनवर पुन्हा पुन्हा का विचारतात

दर पावसाळ्यात एखादं तरी रेकॉर्डिंग गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून फिरत फिरत माझ्यापर्यंत येतं. एक माणूस रडकुंडीला आलेला असतो, "अहो गाडी पाठवा, लवकर पाठवा" म्हणत असतो. पलीकडून कुणीतरी शांत आवाजात विचारत असतं, "तालुका कुठला? गावाचं नाव परत सांगा. वाडी कुठली?" खाली लोकांचा संताप ठरलेला. इथे माणूस मरतोय आणि यांना तालुका हवाय!

त्या शांत आवाजाच्या खुर्चीत मी बसलेलो आहे. महसूल खात्यात कारकून होतो. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या नियंत्रण कक्षात सलग सहा पावसाळे रात्रपाळी केली. लोकांचा संताप मला कळतो, कारण फोन करणाऱ्याच्या जागी मीही एकदोनदा उभा राहिलोय. पण फोन लावल्यानंतर पलीकडे नेमकं काय घडतं हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नाही. आणि कोकणात ‘कुठे’ या एका प्रश्नाचं उत्तर मिळवणं हे गाडी पाठवण्यापेक्षा कठीण काम असतं. ते का, हे नीट सांगायचा हा प्रयत्न.

फोन लागतो तो नक्की कुठे?

आपण ११२ लावला की जवळच्या पोलीस ठाण्यात घंटा वाजते, अशी अनेकांची समजूत असते. तसं होत नाही. महाराष्ट्रात ११२ चं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे आणि दुसरं नागपूरला. तुम्ही मालवणात उभे राहून फोन केलात तरी तो आधी यांपैकी एका ठिकाणी उचलला जातो. १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तिचे फोन पुण्यातल्या केंद्रात जातात. १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक. तो जिल्हाधिकारी कार्यालयात वाजतो, म्हणजे आमच्याकडे सिंधुदुर्गनगरीला. मंत्रालयातल्या राज्य नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७०. आणि या सगळ्यांच्या खाली तहसील कार्यालयातला आमच्यासारखा तालुका कक्ष, जो पावसाळ्यात रात्रंदिवस उघडा असतो.

संकटासाठी वेगळा नंबर असावा ही कल्पना तशी जुनी नाही. १९३५ मध्ये लंडनमध्ये एका घराला आग लागली, पाच बायका त्यात गेल्या. समोरच्या घरातला माणूस टेलिफोन एक्स्चेंजला फोन लावत होता, पण त्याचा फोन इतर साध्या फोनांबरोबर रांगेत अडकला. त्यानंतर १९३७ मध्ये तिथे ९९९ हा क्रमांक सुरू झाला. रांग टाळायची, एवढाच मूळ हेतू.

आता आतलं काम दोन हातांत विभागलेलं असतं. फोन उचलून माहिती घेणारा एक, त्याला कॉल टेकर म्हणतात. ती माहिती पाहून कुठली गाडी सुटणार हे ठरवणारा दुसरा, त्याला डिस्पॅचर म्हणतात. ज्यांनी ऐंशीच्या दशकातलं कोकण पाहिलंय त्यांना हे चटकन कळेल. तेव्हा सगळ्या गावाला मिळून एका दुकानात फोन असायचा. मुंबईहून फोन आला की दुकानदार निरोप लिहून घ्यायचा आणि दुकानातला पोरगा तो घेऊन वाडीवर धावायचा. दुकानदार म्हणजे कॉल टेकर. कुठल्या पोराला कुठल्या वाटेने धाडायचं हे बघणारा तो डिस्पॅचर. निरोपात वाडीचं नाव नसेल तर पोरगा कितीही चपळ असला तरी तिठ्यावर येऊन उभाच राहणार.

११२ मध्ये केंद्रात घेतलेली माहिती जिल्ह्याच्या पोलीस नियंत्रण कक्षातल्या डिस्पॅचरच्या पडद्यावर येते आणि तिथून गस्तीच्या गाडीत बसवलेल्या छोट्या पडद्यावर. आमच्या तालुका कक्षात मात्र पडदेबिडदे काही नव्हते. एक टेबल, दोन फोन, एक बिनतारी संच, तालुक्याचा भिंतीवरचा नकाशा आणि नोंदवही. माहिती घेणारा मीच आणि रवानगी करणाराही मीच.

‘पण त्यांना आपलं लोकेशन दिसतंच की!’

हा गैरसमज सगळ्यात मोठा आणि सगळ्यात घातक.

मोबाइलवरून फोन केला की तो कुठल्या टॉवरवरून आला हे कळतं. टॉवर म्हणजे एसटीचा थांबा समजा. प्रवासी कुठल्या थांब्यावर उतरला हे कंडक्टरला ठाऊक असतं, पण उतरून तो वरच्या वाडीला गेला की खालच्या, हे त्याला कसं कळणार? शहरात थांबे जवळजवळ असतात, त्यामुळे अंदाज बरा लागतो. आमच्याकडे एक टॉवर डोंगराच्या सड्यावर, आणि त्याच्या टप्प्यात तीन गावं, पंधरा वाड्या, मधे एक खाडी. कधी कधी तर खाडीपलीकडच्या गावाचा टॉवर फोन पकडतो. मग आपण असतो एका तालुक्यात आणि पडद्यावर दिसतो दुसऱ्यात.

स्मार्टफोनमधलं जीपीएस याहून कितीतरी अचूक असतं. ‘११२ इंडिया’ हे अ‍ॅप वापरलं तर जागा पाठवता येते. पण त्यासाठी फोनमध्ये डेटा चालू हवा, आकाश दिसायला हवं आणि फोन करणाऱ्याकडे तसा फोन हवा. दाट झाडीत, दरीच्या तळाशी, मुसळधार पावसात यातलं काहीही दगा देतं. शिवाय रात्री दोन वाजता फोन करणारी सत्तर वर्षांची बाई बटणांचा फोन वापरत असते. तिच्यासाठी एक सोय मात्र आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं, किंवा स्मार्टफोनचं पॉवर बटण लागोपाठ तीनदा दाबलं, की संकटाचा फोन लागावा असा नियम सरकारने २०१७ पासून नव्या फोनांना घातला. नंबर लागतो. जागा सांगावीच लागते.

आणि जागा सांगताना नुसतं गावाचं नाव पुरत नाही. मुरूड म्हणालात तर रायगडातलं जंजिऱ्याचं मुरूड, की दापोली तालुक्यातलं? की लातूरचं? पाली म्हणालात तर बल्लाळेश्वराची पाली, की रत्नागिरीजवळची महामार्गावरची? खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्यातही. नांदगाव कणकवलीत आहे, मुरूडजवळ आहे आणि नाशिक जिल्ह्यात तर त्या नावाचा आख्खा तालुका आहे. नवी मुंबईत किंवा नागपुरात बसलेली, कदाचित विदर्भातली मुलगी तुमचा फोन घेते. तिला ‘वाडा’ ऐकू आलं तर ती पालघरमधला वाडा तालुका धरेल. देवगडजवळही वाडा आहे हे तिला कुठून माहीत असणार? म्हणून तालुका. म्हणून जिल्हा. कागद रंगवायचे म्हणून ती विचारत नाही.

वाड्यांची तर गोष्टच वेगळी. वरचीवाडी, खालचीवाडी, मधलीवाडी, गावठण, तेलीवाडी, सुतारवाडी ही नावं जवळजवळ प्रत्येक गावात. शिवाय कागदावर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरं.

मुंबईतून आलेला फोन

आषाढातली रात्र होती, पावणेदोनचा सुमार. वीज गेलेली, मी मेणबत्तीवर नोंदवही चालवत होतो. फोन वाजला.

"लवकर गाडी धाडा, माजी आवस पडली हा, एकटीच आसा घरात."

"खंयसून बोलतास?"

"परळातसून."

कोकणातली ही रोजची गत आहे. मुलगा मुंबईत, आई गावाला. शेजारच्या घरातून मुलाला फोन गेला, त्या शेजाऱ्याचा मोबाइल मग बॅटरी संपून बंद पडला. मुलाला तहसीलचा नंबर कुणीतरी दिला होता, हे नशीब. त्याने ११२ लावला असता तर पडद्यावर परळ दिसलं असतं. म्हणून दुसऱ्याच्या वतीने फोन करत असाल तर पहिलं वाक्य हेच असू द्या: मी मुंबईत आहे, मदत अमुक जिल्ह्यातल्या अमुक तालुक्यात हवी आहे.

त्याने गावाचं नाव सांगितलं, वाडी वरची. त्या गावात वरचीवाडी म्हणवणाऱ्या दोन वाड्या मला माहीत होत्या, दोन वेगवेगळ्या डोंगरांवर. मी शाळा विचारली, देऊळ विचारलं. माणूस घाबरलेला, सगळ्याला "हो हो, थंयच" म्हणत होता. घाबरलेला माणूस हो म्हणतोच, हे मला तोवर कळून चुकलं होतं. त्याला हो-नाहीचा प्रश्न विचारूच नये.

मग विचारलं, "चवथीक येतास तेव्हा रिक्षा तुमका खंय सोडता?"

"वडाकडे. थंयसून सामान डोक्यार घेवन जातंव. साकव ओलांडूचो लागता."

वड आणि साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. दोन वाड्यांपैकी एकाच वाडीच्या वाटेवर हे दोन्ही होते. रुग्णवाहिकेला वडाचा पत्ता दिला आणि त्या गावच्या पोलीस पाटलांना उठवलं. त्यांना सांगितलं, चार माणसं घ्या, टॉर्च घ्या आणि हातांची एक लाकडी खुर्ची घ्या.

गाडी कुठवर येते?

कोकणात जागा एक नसते, दोन असतात. एक, माणूस आहे ती. दुसरी, गाडी पोचू शकते ती. या दोहोंच्या मधे वहाळ म्हणजे ओढा असतो, पाणंद असते, चिऱ्यांची घाटी असते, दोन दगडी गडग्यांमधली माणूसभर रुंदीची वाट असते. साकवावरून मोटारसायकल जाईल फार तर. त्यामुळे इथला शहाणा प्रश्न ‘पत्ता काय’ हा नसून ‘गाडी कुठवर येते’ हा आहे. त्यापुढचं अंतर माणसांनी खांद्यावर न्यायचं असतं, आणि ती माणसं गाडी पोचण्याआधी तिथे उभी हवीत. त्या रात्री मी पोलीस पाटलांना फोन केला नसता तर रुग्णवाहिका वडाखाली थांबून राहिली असती आणि डॉक्टर एकटे अंधारात वाट शोधत बसले असते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने हेच पाहिलं. वाडीपर्यंत गाडीचा रस्ताच नव्हता. यंत्रं खाली राहिली, माणसं पावसात डोंगर चढून वर गेली.

नकाशा आणखी एका ठिकाणी फसवतो, तो म्हणजे खाडीकाठी. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर आहेत. मधे वाशिष्ठीची खाडी, फेरीबोटीने थोड्या मिनिटांत पलीकडे. पडद्यावर पलीकडची रुग्णवाहिका सगळ्यात जवळची दिसेल. पण रात्री फेरी बंद झाली की तिला चिपळूणकडून वळसा घेऊन यावं लागणार. जयगड आणि तवसाळचं तसंच, बाणकोट खाडीवर वेसवी आणि बागमांडल्याचं तसंच. ज्याने हा किनारा पाहिलेला नाही त्याला हे सुचणं अवघड आहे. म्हणून रवानगी करणारा माणूस जिल्ह्यातला असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. फोन कुठेही उचला, गाडी कुठली सोडायची ते इथल्याला ठरवू द्या.

‘प्रश्न विचारत बसतात, तोवर गाडी का नाही सोडत?’

सोडतात. हेच लोकांना दिसत नाही.

जागा आणि प्रकार एवढं कळलं की गाडी निघू शकते. पुढचे प्रश्न चालू असतात तेव्हा ती रस्त्यावर असते. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आई चुलीवर आधण ठेवते आणि मग विचारते किती जण, शाकाहारी कोण. तसंच हे. मोठ्या केंद्रांत तुमच्याशी बोलणारा आणि गाडी सोडणारा वेगळे असतात, त्यामुळे एकाच्या बोलण्याने दुसऱ्याचा हात अडत नाही. फोन ठेवू नका, असं सांगतात ते याचसाठी.

मग ते पुढचे प्रश्न तरी कशाला? प्रत्येकामागे काहीतरी ठरायचं असतं. माणूस शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, यावर कुठली रुग्णवाहिका जाणार हे ठरतं. १०८ सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, त्यातल्या २३३ गाड्यांमध्ये व्हेंटिलेटरसारखी अतिदक्षतेची साधनं होती आणि ७०४ मध्ये प्राथमिक उपचारांची. सगळ्या सारख्या नव्हत्या. पाय मोडलेल्याला अतिदक्षतेची गाडी दिली आणि दहा मिनिटांनी कुणाच्या छातीत कळ आली तर काय करायचं?

श्वास बंद असेल तर फोनवरूनच छाती दाबायला सांगता येतं. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात, मोठ्या माणसाची छाती सुमारे ५ सेंटिमीटर खाली जाईल इतका जोर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत. घाबरलेल्या माणसाला आकडा कळत नाही, म्हणून पलीकडचा फोनवर मोठ्याने मोजत राहतो. ते मोजणंही त्याच्या कामाचाच भाग आहे.

काही चावलं असेल तर काय चावलं, किती वाजता, कुठे, हे विचारतात. आपल्याकडे फुरसं भरपूर आहे, घोणस, मण्यार आणि नागही आहेत. मिळणारी प्रतिसर्पविषाची लस या चारांसाठीच असते, आणि ती प्रत्येक ठिकाणी पुरेशी असेलच असं नाही. म्हणून पुढच्या रुग्णालयाला आधी कळवायचं असतं. लाल विंचू असेल तर उपचार निराळा. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपयोग त्यावर दाखवून दिला आणि कोकणातले कितीतरी जीव वाचवले. आणि "बांधू का, कापू का?" असं घरचे विचारतात. तेव्हा ‘काही बांधू नका, कापू नका, माणसाला चालवू नका, अवयव हलवू नका’ हे सांगायला फोन चालू असावा लागतो.

लोटे परशुराम किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीकडून वास येतोय म्हणून फोन आला, तर पहिल्या प्रश्नांत एक असतो: वारा कुठून कुठे वाहतोय? अग्निशमनची गाडी वारा जिकडून येतोय त्या बाजूने आणावी लागते, वास जिकडे जातोय त्या बाजूने नाही. त्या क्षणी हा प्रश्न बिनकामाचा वाटतो, पण गाडीतल्या माणसांचा जीव त्यावर असतो.

‘गाड्या उभ्या होत्या, तरी आमच्याकडे नाही आल्या’

ही तक्रार मी शेकड्याने ऐकली आहे, आणि कधी कधी ती खरीही असते. आमच्याकडूनही चुका झाल्या आहेत. पण बहुतेकदा कारण वेगळं असतं.

पंगत आठवा. वाढपी चार, पानं दोनशे. एका टोकाने मोठ्याने "भात!" म्हणून चौघेही तिकडे धावले तर दुसरं टोक उपाशी राहतं. म्हणून मधे उभा राहून कुणीतरी बघत असतो, एखाद्याला मुद्दाम थांबवून ठेवतो. पुराच्या रात्री बोटी दोन आणि फोन साठ अशी स्थिती असते. तेव्हा पाणी गुडघ्याला लागलेल्या घरापेक्षा छपरावर बसलेल्या घराला आधी बोट जाते, फोन कितीही उशिरा आलेला असो. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला हे पटत नाही, आणि त्याला ते पटावं अशी अपेक्षाही मी करत नाही. त्याने फक्त पाणी कुठवर आलं हे खरं सांगावं. मदत लवकर यावी म्हणून घोट्याभर पाणी असताना छातीभर सांगणारे असतात, आणि त्या खोट्याची किंमत तिसऱ्याच घराला मोजावी लागते.

भरतीचं गणितही असतं. चिपळूण, महाड, राजापूर ही गावं नद्यांच्या अशा जागी वसली आहेत की वरून पाऊस आणि खालून उधाणाची भरती एकदम आली तर पाणी समुद्रात उतरतच नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्या दिवसांत प्रत्येक कक्षातल्या माणसाच्या हाताशी भरतीच्या वेळांचा कागद होता. पाणी वाढणार की ओसरणार यावर आता बोट पाठवायची की दोन तासांनी, हे ठरतं.

टॉवरच गेला तर?

मग फोनच येत नाही. आणि माझ्या मते हीच सगळ्यात भयंकर गोष्ट आहे.

त्याच २२ जुलैला दुपारी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. ८० हून अधिक माणसं गेली. महाड पाण्यात, रस्ते बंद, वीज आणि मोबाइल ठप्प. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्या दुपारी आजूबाजूच्या कक्षांत फोन खणखणत होते, आणि जिथे सगळ्यात जास्त गरज होती तिथून एकही आवाज नव्हता.

तेव्हापासून मी नव्या मुलांना एकच सांगत आलो, की अतिवृष्टीच्या रात्री फोन आलेल्या गावांची यादी करतोस तशी फोन न आलेल्या गावांचीही कर. डोंगराखालची वाडी सहा तास गप्प आहे, तर तू फोन लाव. तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल, आशाताई, शाळेतले गुरुजी, जो लागेल तो. कुणीच लागलं नाही तर ती वाडी संकटात आहे असं धरून चाल. बिनतारी संच अजून कपाटात न ठेवता टेबलावर ठेवतात तो त्यासाठीच.

महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला तेव्हाही कुठल्या यंत्राने ते ओळखलं नाही. पूल नाही हे तिथल्या माणसांना दिसलं आणि त्यांनी कळवलं. कक्षाला स्वतःचे डोळे नसतात, जे कळतं ते तुम्ही सांगितलेलं असतं.

समुद्रावर असाल तर

किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की मोबाइलचा भरवसा धरू नये. व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबरचं चॅनेल संकटासाठी राखलेलं असतं. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, किनारी सुरक्षेसाठी पोलिसांचा १०९३. नौका निघताना खलाशी किती, कुठल्या बाजूला जाणार, परत कधी, हे बंदरावर एका तरी माणसाला ठाऊक असू द्या, कारण शोध तिथूनच सुरू होतो.

चुकून लागलेला फोन

पोराच्या हातात फोन असतो, तीनदा बटण दाबलं जातं, ११२ लागतो आणि घरचे घाबरून पटकन कापतात. कापू नका. "चुकून लागला, आम्ही ठीक आहोत" एवढं सांगा. न बोलता कापलेला फोन आम्हाला संकटातला वाटतो. तोंड दाबलेली बाईसुद्धा असाच फोन करते. म्हणून आम्ही परत लावत बसायचो. मुद्दाम खोटी आवई उठवणं हा तर गुन्हाच आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्ये आपत्तीची खोटी अफवा पसरवून घबराट केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे.

खुर्चीतला माणूस

तालुक्याच्या कक्षात बसणारे आमच्यासारखे लोक या कामासाठी भरती झालेले नसतात. पावसाळ्यापुरत्या नेमणुका निघतात. कारकून, ग्रामसेवक, कधी शिक्षक. मला प्रशिक्षण म्हणून अर्ध्या दिवसाचं एक व्याख्यान मिळालं, आणि खरं काम शिकवलं ते माझ्या आधीच्या पाळीच्या एका कोतवालाने. प्रत्येक वाडीवर गाडी कुठवर जाते हे त्याला तोंडपाठ होतं. तो निवृत्त झाला आणि ते सगळं ज्ञान त्याच्याबरोबर घरी गेलं. मी पुढे एका जुन्या वहीत लिहायला घेतलं होतं: गाव, वाडी, लोकांच्या तोंडचं नाव, गाडी कुठवर, साकव कुठे, पावसात बंद होणारी वाट कुठली. दोनशेच्या आसपास वाड्या झाल्या आणि माझी बदली झाली. ही वही प्रत्येक तालुक्यात सरकारी कामाचा भाग म्हणून व्हायला हवी, दरवर्षी मे महिन्यात तपासली जायला हवी आणि ११२ व १०८ च्या पडद्यावर दिसायला हवी. खर्चाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीच्या दोन सभा पुरतील. या खुर्चीसाठी कायमची, शिकवलेली माणसंही हवीत. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या मुलीला फोनवर धीर देणं हे कौशल्य आहे, ते आदेशाच्या कागदाने अंगात येत नाही.

आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही. फोन घेणाऱ्याला शेवट कळत नाही. परळहून फोन आला त्या रात्री माझ्या नोंदवहीत शेवटची ओळ आहे: ३.४०, रुग्ण खुर्चीवरून साकवापार, रुग्णवाहिका रवाना. त्या आजींचं पुढे काय झालं ते मला आजतागायत ठाऊक नाही. फोन वाजत होता, दुसरीकडे झाड पडलं होतं, मी पुढच्या पानावर गेलो. कितीतरी वेळा वाटलं की त्या मुलाला फोन करावा. केला नाही, कारण उत्तर काय येईल याची भीती वाटायची.

आमच्या स्वतःच्या घरात, फोन चार्जिंगला लावतो त्या भिंतीवर, मी एक कार्ड चिकटवलं आहे. त्यावर गाव, वाडी आणि वाडीचं लोकांच्या तोंडचं नाव आहे. तालुका, जिल्हा आहे. पोलीस पाटलांचा आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा थेट दूरध्वनी आहे. त्याचा फोटो पुण्यातल्या मुलीच्या आणि ठाण्यातल्या पुतण्याच्या मोबाइलमध्येही आहे. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "गाडी सातेरीच्या देवळापर्यंत येते. तिथून चालत सात मिनिटं. वहाळाला पाणी असेल तर डावीकडच्या कातळावरून." शेवटचं वाक्य गेल्या जूनमध्ये घातलं, साकवाची एक बाजू खचल्यावर. दुरुस्ती झाली की खोडायचं.